पन्नास मीटरचे घड्याळ आणि क्लोरीनचे पाणी

स्मार्टवॉचच्या पाठीवर ‘५० मीटर’ किंवा ‘५ एटीएम’ असे कोरलेले असते आणि चार-पाच फूट खोल तरणतलावात उतरणारा माणूस तेवढ्यावर निर्धास्त होतो. हा आकडा खोलीचा नव्हे, दाबाचा आहे. पाण्यात दर दहा मीटरला सुमारे एक वातावरण (म्हणजेच एक ‘एटीएम’, समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाएवढा) इतका दाब वाढतो. तेव्हा ५० मीटर पाण्याखालचा स्थिर दाब नवे घड्याळ दहा मिनिटे सोसते, एवढीच हमी आयएसओ २२८१० हे २०१० सालचे आंतरराष्ट्रीय मानक देते. हात मारल्याने दाब कित्येक पटींनी वाढतो असे सर्रास सांगितले जाते, पण गणित तसे नाही: सेकंदाला ३ मीटर वेगाने हात पाणी कापत असला, तरी वाढणारा दाब जेमतेम अर्धा मीटर खोलीइतका भरतो. (उंच फळीवरून सूर मारणाऱ्यांनी मात्र घड्याळ काठावरच ठेवलेले बरे.)

घड्याळाचे खरे वैर आहे ते पाण्यातल्या रसायनाशी. तलावात टाकलेल्या हायपोक्लोराइट या क्लोरीनच्या संयुगापासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते. तेच जंतू मारते आणि तेच घड्याळाच्या सांध्यांत बसवलेल्या रबरी कड्यांचेही हळूहळू ऑक्सिडीकरण करते. लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन एका दिवसात काही बिघडवत नाही. पण महिनोन्‌महिने रोज पोहून कडे ताठर झाले, दाबल्यावर परत फुगेनासे झाले, की केसाएवढी फटही पुरते. त्यात उन्हात तापलेले घड्याळ गार पाण्यात बुडवले, तर आतली हवा आकसते, आतला दाब घटतो आणि पाणी त्या फटीतून आत ओढले जाते. काचेवर आतून धुके दिसते ते यामुळे.

पोहून झाल्यावरही काम उरते. एकदा मी पट्टा सोडवून पाहिला, तर खाचेत पांढरी पूड साचली होती. अशा कोपऱ्यांत पाणी सुकले की क्लोराइड दाट होते आणि स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पाडते. म्हणून घड्याळ साध्या गोड्या पाण्याने धुवावे, साबणाने नव्हे. कारण साबण पृष्ठताण कमी करतो आणि स्पीकरवरच्या ज्या जाळीतून एरवी थेंब शिरत नाही, तिच्यातूनही पाणी झिरपू लागते. नंतर सुती कापडाने पुसावे.

बॅटरी बदलण्यासाठी घड्याळ एकदा उघडले, की पाणी अडवणारा डिंकाचा मूळ थर तुटतो. पाठीवरचे ‘५० मीटर’ मात्र तसेच कोरलेले राहते.