वजन का उतरत नाही? आमच्या घाण्याच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

करडईचे पोते मोजून झाले की त्याच काट्यावर स्वतः उभे राहून पाहण्याची आमच्याकडे येणाऱ्या मंडळींची जुनी सवय आहे. आकडा पाहून खाली उतरताना बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असते, "काहीच खाईना, तरी कमी होईना गेलंय." पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. रिफाइंड सोडून घाण्याचे तेल सुरू केले तर वजन उतरेल का? गल्ल्यावर बसून या प्रश्नाचे उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही, आणि अर्धवट दिले तर ग्राहक त्यातला सोयीचा तेवढा भाग घरी नेतो, असा अनुभव असल्यामुळे हे पत्रक छापले आहे.

आमच्याकडून झालेली एक चूक आधी सांगितली पाहिजे. काही वर्षे आमच्या दुकानाच्या पाटीवर 'वजन घटवणारे शुद्ध करडई तेल' असे लिहिलेले होते. ते आता रंगाऱ्याकडून पुसून घेतले आहे, कारण ते खरे नव्हते. लाकडी घाण्याचे असो, रिफाइंड असो, करडईचे असो की शेंगदाण्याचे, कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममधून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, आणि साजूक तुपाचे मापही जवळपास तेवढेच आहे. पिठूळ पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅममधून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात. घाण्याच्या तेलाला बियांचा मूळ वास आणि चव असते, ते काढताना रसायन वापरावे लागत नाही, आणि डोळ्यांदेखत काढून मिळते म्हणून भेसळीची धास्ती राहत नाही. या कारणांसाठी ते जरूर घ्यावे; वजन उतरावे म्हणून घेऊ नये. डब्यांवर ठळकपणे छापलेल्या 'कोलेस्टेरॉल फ्री' या शब्दांनीही हुरळून जाऊ नये, कारण वनस्पतीपासून काढलेल्या तेलात कोलेस्टेरॉल मुळातच नसल्यासारखे असते.

धार आणि चमचा

आपल्या भागात खिचडीवर, शेंगदाण्याच्या चटणीवर किंवा कुस्करलेल्या भाकरीवर करडईचे कच्चे तेल घेण्याची पद्धत आहे आणि ती कोणी सोडावी असे आम्ही म्हणणार नाही. मात्र हे तेल चमच्याने घेतले जात नाही, त्याची धार धरली जाते. मागच्या हिवाळ्यात 'आम्ही तेल खातच नाही' असे ठामपणे सांगणाऱ्या एका ताईंना आम्ही विनंती केली, की काट्यावर रिकामी वाटी ठेवतो, खिचडीवर जेवढे घेता तेवढेच तेल तिच्यात ओता. त्यांनी सवयीप्रमाणे एक वळसा देऊन धार थांबवली, तेव्हा काटा १९ ग्रॅमवर होता. म्हणजे साधारण १७० किलोकॅलरी, तेही फोडणीचे तेल सोडून. साठ-सत्तर किलो वजनाच्या माणसाला एवढी ऊर्जा खर्च करायची तर जवळपास पाऊण तास बऱ्यापैकी वेगाने चालावे लागते. ताई काही वेळ वाटीकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "काटा बरोबर हाय ना?" काटा बरोबर होता.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांत २००० किलोकॅलरींच्या नमुना ताटासाठी तेल-तुपाचे प्रमाण दिवसाला सुमारे २७ ग्रॅम धरले आहे. पाच मिलिलिटरच्या चमच्याने मोजले तर ते सहा चमचे होतात, आणि त्यात फोडणी, भाजी, पोळीला लावलेले तेल आणि वरून घेतलेली धार असे सगळेच आले. आता ज्या घरात चार माणसे आहेत आणि पाच किलोचा डबा महिनाभरात संपतो, तिथे माणशी रोज जवळपास ४२ ग्रॅम तेल जाते. या दोन आकड्यांतला फरक दिवसाला सुमारे १३० किलोकॅलरींचा आहे. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात असे धरले, तर महिन्याकाठी अर्धा किलोचा फरक निव्वळ तेलाच्या डब्यातून पडू शकतो. हा कागदावरचा हिशेब आहे आणि शरीर त्याच्याबरहुकूम वागत नाही, तरी दिशा समजायला तो पुरेसा आहे.

ताटाबाहेरचे खाणे

काहीच खात नाही असे म्हणणारी माणसे खोटे बोलत नाहीत, त्यांना खरोखर तसे वाटत असते. १९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या व्यक्तींचे खाणे आणि ऊर्जेचा खर्च त्यात वेगळ्या पद्धतीने मोजला गेला. शरीराची ऊर्जा खर्च करण्याची क्षमता ठीक होती. फक्त खाल्लेले अन्न त्यांनी सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितले होते आणि केलेली हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त सांगितली होती.

आपल्याकडे हे न मोजलेले खाणे कुठे दडते हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. ज्याच्या दारात जावे तिथे चहा होतो आणि नको म्हटले तर माणूस रागावतो. म्हशीचे दूध आणि दोन चमचे साखर घातलेला कपभर चहा सुमारे ८० ते ९० किलोकॅलरींचा असतो, आणि असे पाच कप झाले तर चहाच एका जेवणाच्या बरोबरीला येतो. दुकानात बसल्या बसल्या डब्यातून काढलेले मूठभर शेंगदाणे साधारण ३० ग्रॅम भरतात, म्हणजे सुमारे १७० किलोकॅलरी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर गेला की रसवंतीवर दोन ग्लास सहज होतात. घरातल्या बाईचा प्रकार आणखी वेगळा आहे. ती सगळ्यांच्या मागून जेवते आणि पातेल्यात उरलेले वाया जाऊ नये म्हणून भूक नसताना संपवते, मुलांच्या ताटातली अर्धी पोळीही तिच्याच वाट्याला येते, आणि हे सगळे 'जेवण' या शब्दात ती कधीच धरत नाही. याला आळस किंवा खादाडपणा म्हणणे अन्यायाचे आहे. अशा घरात भात-भाजीचे माप थोडे कमी करणे किंवा उरलेले दुसऱ्या दिवसासाठी काढून ठेवणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

चांगल्या पदार्थांचे माप

जो पदार्थ चांगला तो कितीही खाल्ला तरी चालतो, हा समज आम्हाला रोज ऐकायला मिळतो. ज्वारीची भाकरी तेल न लावता होते, तिच्यात तंतुमय भाग चांगला असतो आणि पोट बराच वेळ भरलेले राहते, हे सगळे खरे आहे. पण १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ३३५ किलोकॅलरी असतात आणि गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढ्याच. आपल्याकडची हातावर थापलेली मोठी भाकरी ७०-८० ग्रॅम पिठाची होते, तर फुलका २५-३० ग्रॅमचा, तेव्हा एक भाकरी खाणे म्हणजे साधारण तीन फुलके खाणे. साखर बंद करून चहात गूळ घालणाऱ्यांनीही चमचा मोजूनच घालावा, कारण वजनास वजन घेतले तर दोन्हींच्या कॅलरींत नाव घेण्याजोगा फरक नाही.

उपवासाबद्दल लिहावे की नाही, असा प्रश्न आम्हाला पडला होता, कारण विषय श्रद्धेचा आहे. तरीही लिहितो. उपवासाच्या दिवशी बशीभर साबुदाणा खिचडीत पन्नास ग्रॅम साबुदाणा, वीस ग्रॅम दाण्याचे कूट आणि दोन चमचे तूप धरले, तरी साडेतीनशेच्या वर किलोकॅलरी होतात, आणि साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ असल्यामुळे दोन तासांत पुन्हा भूक लागते. भगर आणि ताक घेतले तर उपवासही मोडत नाही आणि पोटही ठीक राहते.

काम बदलले, ताट तेच राहिले

आमच्या वडिलांच्या पिढीत खुरपणी, कोळपणी आणि वेचणी करणारा माणूस दोन भाकरी सकाळी आणि दोन रात्री खात असे आणि तरी त्याच्या अंगावर मांस चढत नसे. आज शेताच्या बांधापर्यंत मोटारसायकल जाते, विहिरीवरची मोटार घरी बसून मोबाईलवरून चालू होते, आणि ज्यांची मुले शहरात दुकान किंवा नोकरी सांभाळतात त्यांचे दहा-बारा तास खुर्चीत जातात. भाकऱ्यांची संख्या मात्र वाडवडिलांपासून आलेली तशीच राहिली. आमच्या मते आपल्या भागातल्या वाढत्या वजनाचे हे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी बोलले जाणारे कारण आहे.

चाळिशीनंतर शरीराची गती मंदावते म्हणून वजन उतरत नाही, असेही ग्राहक सांगतात. २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात २९ देशांतील सहा हजारांहून अधिक लोकांच्या मोजमापांवर आधारलेला अभ्यास आला. त्यात शरीराच्या आकारमानाच्या हिशेबाने ऊर्जेचा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ स्थिर आढळला. त्यामुळे वयाकडे बोट दाखवण्याआधी बसण्याचे तास आणि घटलेले स्नायू पाहावेत. स्नायू टिकवण्यासाठी ताटात वरण, मटकी, ताक, चालत असल्यास अंडी असावीत, आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्यासारखे किंवा उठाबशांसारखे काम अंगाला पडावे.

झोपेचेही असेच आहे. कृषिपंपाची लाईट रात्रीची असली की रब्बीत पिकाला पाणी देण्यासाठी रात्र-रात्र जागून दारे धरावी लागतात. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन कमी होते, म्हणून दुसऱ्या दिवशी गोड आणि तेलकट खाण्याची ओढ लागते. लाईटची पाळी आपल्या हातात नाही हे आम्ही जाणतो. निदान जागरणाच्या रात्री फरसाणाऐवजी फुटाणे सोबत न्यावेत.

पहिल्या आठवड्यातला आकडा

मोबाईलवर आलेला तक्ता पाहून भात-पोळी एकदम बंद केली की पहिल्याच आठवड्यात दोन किलो कमी होतात आणि घरात आनंदीआनंद होतो. त्यातले बरेचसे पाणी असते. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेसोबत, सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते, आणि तो साठा संपला की ते पाणी निघून जाते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आकडा अडकतो, हलक्या झालेल्या शरीराला ऊर्जाही कमी लागू लागते, माणूस वैतागून सगळे सोडतो, आणि पाण्यासकट वजन परत येते. आठवड्याला पाव ते अर्धा किलो ही चाल कंटाळवाणी वाटली तरी टिकणारी आहे. वजन पाहायचे ते आठवड्यातून एकदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी आणि एकाच काट्यावर पाहावे. आमचा पोत्यांचा काटा त्या कामाचा नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

थकवा, थंडी सहन न होणे, केस गळणे आणि वजन वाढणे हे एकत्र असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. पाळी अनियमित असलेल्या मुलींनी आणि स्त्रियांनी पीसीओएसबद्दल, म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडून होणाऱ्या अंडाशयाच्या विकाराबद्दल, विचारावे. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, फिट्सवरची आणि मानसिक आजारांवरची काही औषधे यांनीही वजन वाढते. अशी औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना पर्याय विचारावा. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी जेवण टाळू नये, साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला असेल, तर एकूण वजन बेताचे दिसले तरी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी.

सोबतचा चमचा

या पत्रकासोबत पाच मिलिलिटरचा स्टीलचा चमचा दिला आहे. तो तेलाच्या बरणीतच ठेवावा आणि धारेऐवजी त्याने तेल घ्यावे. डबा उघडला त्या दिवसाची तारीख झाकणावर लिहावी, आणि पुढच्या खेपेला ती तारीख व घरातली माणसे सांगितली की माणशी रोजचे तेल किती पडले हा भागाकार आम्ही गल्ल्यावरच करून देऊ. डबा जास्त दिवस पुरू लागला तर पाच किलोऐवजी तीन किलोचा डबा न्यावा, कारण घाण्याचे तेल फार दिवस ठेवण्यापेक्षा ताजे नेलेले बरे. स्वतःचा डबा आणणाऱ्यांनी तो धुऊन उन्हात पूर्ण कोरडा करून आणावा, कारण आत पाण्याचा थेंब राहिला तर तेल लवकर खवट होते.