बाटलीतल्या माशीचं जेवण

प्रयोगशाळेतल्या फळमाशीला, म्हणजे ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टरला, सुरुवातीला केळं घालत. त्यामागे फारसा विचार नव्हता. केळं सहज मिळायचं, इतकंच. कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन आणि त्यांचे विद्यार्थी दुधाच्या बाटल्यांमध्ये या माश्या वाढवत. १९१० मध्ये तिथेच पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि आनुवंशिकीला वेगळं वळण लागलं. पुढे केळ्याऐवजी मक्याचं पीठ, काकवी, यीस्ट आणि अन्न घट्ट करणारं अगर-अगर यांची खळ आली. जनुकं शोधणाऱ्यांच्या दृष्टीने माशीचं खाणं हे निव्वळ सांभाळण्याचं काम होतं.

माशी खरोखर कशावर जगते, हा प्रश्न त्याच सुमारास दुसरीच माणसं विचारत होती. फ्रान्समध्ये गियेनो यांनी जंतुविरहित माश्या वाढवून पाहिल्या. १९१९ मध्ये बाउमबर्गर यांनी दाखवलं की माशीचं पोट फळाच्या गरापेक्षा त्यावर वाढणाऱ्या यीस्टवर भरतं. म्हणजे साखर फळाची, पण प्रथिनं बहुतांशी यीस्टची. अळी जेमतेम चार दिवसांत साधारण दोनशे पट वजन वाढवते, तेव्हा प्रथिनं कमी पडून तिला चालणारच नाही. १९५६ मध्ये जेम्स सँग यांनी एकेक पोषकद्रव्य मोजून घातलेलं अन्न तयार केलं. त्यानंतर एखादा घटक कमी-जास्त करून परिणाम बघणं शक्य झालं.

सडत्या फळात साखरेसोबत अल्कोहोलही असतं. माशीचं अल्कोहोल डीहायड्रोजनेज हे विकर (एन्झाइम) ते अल्कोहोल फोडून इंधन म्हणून वापरतं. या विकराचे जलद आणि मंद असे दोन प्रकार निसर्गात आढळतात आणि विषुववृत्तापासून दूर जावं तसं जलद प्रकाराचं प्रमाण वाढतं. १९८३ मध्ये मार्टिन क्राइटमन यांनी या जनुकाच्या अकरा प्रतींचा क्रम वाचला. डीएनएमध्ये ४३ ठिकाणी फरक निघाले, पण प्रथिनात बदल घडवणारा एकच, तोही जलद-मंद ठरवणारा.

मला सगळ्यात बोलकी वाटतात ती या माशीची हट्टी भावंडं. सेशल्स बेटांवरची ड्रोसोफिला सेशेलिया नोनीच्या फळावर राहते. त्यातलं ऑक्टॅनोइक आम्ल इतर जातींना मारतं, हिला ते पचतं. पण भरपूर साखरेच्या अन्नावर हिच्या अळ्या तग धरत नाहीत. जवळची जात सिम्युलान्स मात्र आरामात वाढते. सोनोरन वाळवंटातली ड्रोसोफिला पाचिया तर सेनिटा निवडुंगाशी बांधलेली आहे. कात टाकायला लावणारं संप्रेरक बनवायला तिला कोलेस्टेरॉल वापरता येत नाही, त्या निवडुंगातले स्टेरॉलच लागतात. नेव्हरलँड या एका जनुकातल्या मोजक्या बदलांनी ही अडचण ओढवली आहे, हे २०१२ मध्ये कळलं. सगळं खाऊ शकणं हा माशीचा उपजत गुण नसून टिकवून ठेवावी लागणारी यंत्रणा आहे, हे इथे उघड होतं.

ती यंत्रणा पेशीपातळीवर सापडायला एकविसावं शतक उजाडलं. २००२ मध्ये मेंदूतल्या इन्सुलिनसदृश पेप्टाइडं बनवणाऱ्या पेशी नष्ट केल्या, तर माशीची वाढ खुंटली आणि शरीरद्रवातली साखर चढली. साखर ओळखून जनुकं चालू करणारी माँडो-एमएलएक्स ही प्रथिनांची जोडीही पुढे आली; ती बिघडली की अळीला गोड अन्न झेपत नाही. २००८ मधल्या एका अभ्यासात दिसलं की आयुष्य उष्मांकांपेक्षा प्रथिनं आणि कर्बोदकांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतं. सर्वात दीर्घायुषी माश्या १:१६ वर होत्या, पण जास्त अंडी घालायला त्याहून कितीतरी जास्त प्रथिनं लागली.

पिढ्यान् पिढ्या निकस अन्नावर ठेवल्यावर काय होतं, हे स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या प्रयोगांनी दाखवलं. त्या वंशांतल्या अळ्या कमी अन्नावर जास्त जगतात आणि लवकर मोठ्या होतात. त्याची किंमतही त्यांनी मोजली: अन्नातून येणाऱ्या रोगजंतूंपुढे त्या दुबळ्या ठरतात. शिवाय त्या एकमेकींनाही जास्त खातात.

२०११ मध्ये गियेनोंचा जुना धागा परत हाती आला. निकस अन्नावर आतड्यातले जिवाणू, म्हणजे लॅक्टोबॅसिलस आणि अ‍ॅसिटोबॅक्टर अळीची वाढ सावरतात, असं दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं. तेव्हा आहाराशी जुळवून घेण्याचा काही भाग माशीच्या जनुकांत नसतोच. असा एखादा शोधनिबंध हातात आला की आधी माश्या जंतुविरहित होत्या का आणि यीस्ट जिवंत घातलं होतं की मेलेलं, हे पाहावं; बऱ्याच वेळा परस्परविरोधी निष्कर्षांचं मूळ तिथेच सापडतं.