पेंढा, बुरशी आणि तबेला: जुन्या प्रयोगाची पार्श्वभूमी

शहापूर-मुरबाडकडे भाताची झोडणी आटोपली की पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात. तो खाऊन म्हशीचं पोट भरतं, दूध मात्र वाढत नाही. प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के, आणि पेशीभित्तिकेतल्या सेल्युलोजला लिग्निनने, म्हणजे लाकडाला टणक करणाऱ्या चिवट घटकाने, जखडलेलं. कोटीपोटातल्या जिवाणूंचं त्यापुढे फारसं चालत नाही.

लिग्निन फोडणाऱ्या बुरशीचा चारा माणसाने शोधला नाही, गुरांनीच शोधला म्हणावं लागेल. दक्षिण चिलीच्या पावसाळी जंगलात बुरशीने पांढरं पडून कुजलेलं लाकूड गुरं आवडीने खातात, अशी नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिप्पी यांनी 1893 मध्ये केली होती. पहिल्या महायुद्धात चाराटंचाई आली तेव्हा जर्मनीने मात्र रसायनांची वाट धरली: रसायनशास्त्रज्ञ बेकमन यांनी काड कॉस्टिक सोड्यात भिजवून धुवायची रीत बसवली. पाणी अफाट लागे आणि धुताना पोषणही वाहून जाई. 1970 च्या दशकात संशोधक झाद्राझिल यांनी तिथेच धिंगरी (ऑयस्टर अळिंबी) व तिच्या भाऊबंदांवर पद्धतशीर काम केलं.

आपल्याकडे 1980 च्या दशकात कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत दोन टप्प्यांची पद्धत तयार झाली: आधी युरियाची प्रक्रिया, मग त्यावर कोप्रिनस नावाची अळिंबीवर्गातली बुरशी. अडचण अशी की बुरशीही खाते. लिग्निनबरोबर ती सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजही फस्त करते, त्यामुळे कोरडं वजन घटतं. जितके जास्त दिवस ठेवाल तितकी घट मोठी. भाताच्या पेंढ्यातल्या सिलिकाला तर ती हातच लावत नाही. म्हणून गोठ्यात टिकला तो साधा युरियाच: 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर शिंपडून, दाबून, 21 दिवस हवाबंद. युरियाचे खडे राहिले तर विषबाधा होते. काढल्यावर अमोनियाचा वास उडू द्यायचा. सहा महिन्यांखालच्या वासराला हा पेंढा द्यायचा नाही.

धिंगरी वाढवून उरलेला पेंढ्याचा बेड तबेल्यात खपवण्याची कल्पना अधूनमधून डोकं वर काढते. पेंढा गरम पाण्यात निर्जंतुक केलेला असेल तर ठीक. पण कार्बेन्डाझिम-फॉर्मलिन या बुरशीनाशक-जंतुनाशक रसायनांत भिजवलेला असेल तर तो खतालाच जावा. त्यातही अळिंबी काढून झाल्यावरचा बेड चारा म्हणून बराच निकस होतो.

पावसात भिजलेल्या उडवीवरची काळी-हिरवी बुरशी हे वेगळंच प्रकरण. ती लिग्निन सोडून सहज पचणारा भाग खाते, वर विष सोडते. म्हशींचे कान, शेपटी, खूर सडवणारा देगनाळा रोग असल्याच पेंढ्यातून येतो.