मुख्यमंत्री सहाय्यता निधी : कर्करुग्णांचे अर्ज कुठे अडतात?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून, गरजू रुग्णांना उपचारासाठी आर्थिक मदत देणाऱ्या मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे जाणाऱ्या कर्करुग्णांच्या अर्जांत त्याच त्या त्रुटी पुन्हा पुन्हा निघतात. आजार खरा असतो, गरजही खरी असते. अडते ते दाखल्यावरच्या तारखेपाशी किंवा आधारकार्डावरच्या पत्त्यापाशी. म्हणून अर्ज कसा भरावा यापेक्षा तो कुठे अडतो, हेच येथे अधिक सांगितले आहे.

हा निधी पहिला दरवाजा नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी व रेडिएशन यांचा त्यात समावेश आहे. जो उपचार त्या योजनेतून होऊ शकतो, त्यासाठी निधीकडे अर्ज केला तर तो नामंजूर होतो. मात्र रुग्णालयाबाहेर योजनेचा फलक दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये. रुग्णालये विभागवार अंगीकृत केलेली, म्हणजे ठरावीक उपचारांपुरतीच योजनेशी जोडलेली असतात. हाडांच्या शस्त्रक्रिया योजनेतून करणाऱ्या रुग्णालयात केमो योजनेतून मिळेलच असे नाही. तेव्हा आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या प्रतिनिधीला) ‘योजना आहे का?’ असे मोघम न विचारता, या आजाराचा हाच उपचार येथे योजनेतून होतो का, असे विचारावे. योजनेची चौकशी १५५३८८ या क्रमांकावरही करता येते.

तेथे नकार आला तर निधीचा विचार करावा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजार रुपयांपेक्षा कमी असावे आणि रुग्णालय निधीच्या संगणक प्रणालीत नोंदलेले असावे. अर्ज, रुग्णाचे आधारकार्ड, रेशनकार्ड, आजाराचे अहवाल, उत्पन्नाचा मूळ दाखला आणि खर्चाचे मूळ अंदाजपत्रक एवढी कागदपत्रे लागतात. वाचायला यादी छोटी आहे.

सर्वाधिक अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावर अडखळतात. दाखला तहसीलदार कार्यालयाचा आणि चालू आर्थिक वर्षाचा लागतो. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी गेल्या वर्षी काढलेला दाखला कपाटात असतो, तोच जोडला जातो आणि अर्ज त्रुटीत निघतो. फेब्रुवारीत काढलेला दाखलाही एप्रिलमध्ये चालत नाही, कारण आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. शिवाय मर्यादा पूर्ण कुटुंबाच्या उत्पन्नाला आहे. एकट्या रुग्णाच्या नव्हे. रावेर-यावलकडे सातबाऱ्यावर केळी दिसली की दाखल्यासाठीच्या चौकशी अहवालात आकडा फुगतो, मग त्या वर्षी बाग वादळात आडवी झालेली असली तरी. अहवाल लिहिला जात असतानाच नुकसानीचा पंचनामा दाखवावा. दाखला हातात पडल्यावर तो दुरुस्त करून घेणे फार जिकिरीचे होते. लोकसेवा हक्क अधिनियमानुसार हा दाखला १५ दिवसांत मिळायला हवा. ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे उत्तर केमोची तारीख पुढे ढकलत नाही. सोबत बायोप्सी अहवालाची प्रत घेऊन तहसीलदारांना प्रत्यक्ष भेटावे.

दुसरी अडचण खास खानदेशी आहे. पोटापाण्यासाठी सुरतेला गेलेल्या कुटुंबांनी गॅस जोडणीसाठी किंवा मुलांच्या शाळेसाठी आधारवरचा पत्ता उधना-लिंबायतचा करून घेतलेला असतो. रेशनकार्ड पारोळ्याचे, मतदान पारोळ्यात, पण आधार गुजरातचे. आणि निधीला आधार महाराष्ट्राचे लागते. निदान होताच पत्ता बदलायला टाकावा, अर्ज भरायला बसेपर्यंत थांबू नये. नंदुरबारच्या डोंगराळ भागात पत्ता बरोबर असतो, पण नाव जुळत नाही : आधारवर ‘वसावे’, रेशनकार्डावर ‘वसावा’. दोष टंकलेखकाचा असतो आणि हेलपाटे मात्र धडगावहून येणाऱ्याला पडतात.

खासगी रुग्णालयाचे अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. केमोच्या बाबतीत ‘अंदाजे खर्च’ अशी एक ओळ पुरत नाही. एकूण किती सायकल (केमोच्या फेऱ्या), प्रत्येकीचा खर्च किती आणि कोणती औषधे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

दाखल असलेल्या रुग्णाचे जिओ-टॅग (काढल्याचे ठिकाण नोंदलेले) छायाचित्रही मागितले जाते. केस गेलेली, ओठ सुकलेली बाई मोबाईल पुढे आला की भिंतीकडे तोंड करते, आणि सुनेला ‘आत्या, जरा इकडे पाहा ना’ असे म्हणावे लागते. या अटीचे काहीही समर्थन असो, ते छायाचित्र काढणाऱ्याची घालमेल कोणत्याही नमुन्यात नोंदवली जात नाही. शक्यतो सलाईन लावण्याआधी, रुग्णाला कारण नीट सांगून, एकदाच आणि चेहरा व खाट स्पष्ट दिसेल असे ते काढावे.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज वेळेचा आहे. ‘आधी उपचार उरकू, मग बिले लावून पैसे मागू’ असे अनेकजण धरून चालतात. झालेल्या खर्चाची प्रतिपूर्ती या निधीतून होत नाही. अर्ज उपचार चालू असतानाच जायला हवा. त्यामुळे घरातील एकाने रुग्णाजवळ आणि दुसऱ्याने कागदांमागे राहावे. दोन्ही कामे एकाच व्यक्तीवर आली, तर बहुधा कागदच मागे पडतात.

२०२५ पासून निधीचे कक्ष जिल्हाधिकारी कार्यालयांत सुरू झाले आहेत, त्यामुळे मंत्रालयाची वारी आता आवश्यक नाही. अर्जाला शुल्क नाही. ‘वरपर्यंत ओळख आहे’ म्हणणाऱ्याच्या हाती मूळ कागद देऊ नयेत. मंजूर रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा होते, म्हणून मंजुरी दाखवून ती अंतिम बिलातून वळती करून घ्यावी. अर्जावर मोबाईल क्रमांक धावपळ करणाऱ्या नातेवाइकाचाच द्यावा. अनेकदा ऑनलाइन सेंटरवाला घाईत स्वतःचा क्रमांक टाकून मोकळा होतो, आणि त्रुटीचा संदेश त्याच्याच मोबाईलवर पडून राहतो.