चलान भरले, पण लायसन्सचे काय? एका गैरसमजामागचा इतिहास

३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूरच्या न्यायिक अधिकारी प्रशिक्षण संस्थेत वाहतूक प्रकरणांसाठीच्या आभासी न्यायालयाचे उद्‌घाटन तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते झाले. बोबडे मूळचे नागपूरचेच, आणि त्यांची वकिलीची उमेदीची वर्षेही उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठात गेली. किरकोळ चलानासाठी माणसाने दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात ताटकळत बसू नये, मोबाइलवर आलेला संदेश उघडून गुन्हा कबूल करावा व दंड भरावा, किंवा आरोप अमान्य असल्यास तसे कळवून प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जाऊ द्यावे, अशी ही सोय आहे. सोय खरोखरच मोठी आहे. मात्र दंडाची रक्कम भरली की प्रकरण संपले, हा वाहनचालकांच्या मनातला जुना समज ती आणखी पक्का करते. हा समज एके काळी बराचसा बरोबर होता. तो केव्हा आणि कसा चुकीचा ठरला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मोटारवाहनांसाठीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होते. त्या कायद्याची जागा १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने घेतली. चालकाला परवान्यासाठी अपात्र ठरवण्याचा अधिकार एकीकडे न्यायालयाला आणि दुसरीकडे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला, ही दुहेरी रचना या कायद्यात होती आणि आजही तीच चालू आहे. १ जुलै १९८९ पासून सध्याचा, म्हणजे १९८८ चा, मोटार वाहन कायदा अमलात आला.

या कायद्याचे कलम २०८ मुळातून वाचण्यासारखे आहे. त्यानुसार न्यायालय समन्सवरच नमूद करते की आरोपीने स्वतः किंवा वकिलामार्फत हजर व्हावे, अथवा ठरलेल्या तारखेपूर्वी मनीऑर्डरने रक्कम पाठवून तिच्या कुपनावरच गुन्हा कबूल करावा. अशी कबुली दिली म्हणून परवान्यासाठी अपात्र ठरवले जाणार नाही, असे संरक्षणही त्याच कलमात स्पष्ट शब्दांत दिलेले आहे. ‘पैसे भरले, सुटलो’ या समजाला कायद्याचा खराखुरा आधार होता तो इथे.

पुढे हवा पालटली. रस्ते अपघातांतील मृत्यूंच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अतिवेग, लाल सिग्नल तोडणे, मद्यपान करून किंवा मोबाइलवर बोलत वाहन चालवणे अशा प्रकारांत परवाना किमान तीन महिने निलंबित करावा, असे निर्देश या समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना दिले. नुसत्या दंडाने चालक सुधारत नाही, परवाना हातातून गेला तरच त्याला झळ बसते, हा त्यामागचा विचार होता, आणि तो चुकीचा होता असे म्हणता येणार नाही.

२०१९ च्या दुरुस्ती कायद्याने हाच विचार कलमांत उतरवला. तो कायदा संसदेत मांडणारे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी नागपूरचेच खासदार. सगळीकडे चर्चा झाली ती दंडाच्या आकड्यांची. १ सप्टेंबर २०१९ पासून देशात लागू झालेला वाढीव दंड महाराष्ट्राने लांबणीवर टाकला आणि डिसेंबर २०२१ मध्ये स्वीकारला. या गदारोळात त्याहून महत्त्वाचा बदल झाकला गेला. तडजोड शुल्काविषयीच्या, म्हणजे खटला न चालवता रक्कम भरून गुन्हा मिटवण्याविषयीच्या, कलम २०० ला जोडलेल्या परंतुकांनुसार (‘परंतु’ने सुरू होणाऱ्या अटींनुसार), शुल्क भरून मिटवलेला गुन्हाही पुढच्या वेळी ‘आधीचा गुन्हा’ म्हणून मोजला जातो, आणि शुल्क भरल्याने परवान्याविरुद्धच्या कार्यवाहीतून सुटका होत नाही.

ही कार्यवाही सुरू होते कलम २०६ च्या नव्या पोटकलम (४) खाली. अतिवेग, धोकादायक रीतीने वाहन चालवणे, मद्यपान, शर्यत, ट्रिपल सीट, विनाहेल्मेट, रुग्णवाहिकेला वाट न देणे अशा प्रकारांत पोलिस अधिकारी परवाना जप्त करून आरटीओकडे पाठवतो. कलम २०६ खाली इतर कारणांसाठी परवाना घेतला, तर पोलिसाने दिलेल्या तात्पुरत्या पोचपावतीवर गाडी चालवता येते. पोटकलम (४) खालच्या पोचपावतीवर मात्र परवाना परत मिळेपर्यंत ती चालवता येत नाही. दोन्ही कागद म्हणजे शेवटी पोचपावत्याच. ज्याचे पोट ऑटोवर किंवा घरपोच सेवेच्या दुचाकीवर चालते, त्याला हा फरक कोणीतरी त्याच दिवशी समजावून सांगितला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

पोलिस परवाना जप्त करतो, पण चालकाला अपात्र ठरवण्याचा निर्णय परवाना प्राधिकाऱ्याने, म्हणजे आरटीओने, घ्यायचा असतो. कलम १९ प्रमाणे त्याने आधी चालकाचे म्हणणे ऐकले पाहिजे. त्यानंतर त्याला चालकास दोषमुक्त करता येते, किंवा सविस्तर लेखी कारणे देऊन पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरवता येते. दुसऱ्या वेळी परवाना रद्दच होऊ शकतो. घाईघाईत भरलेल्या पहिल्या चलानाचे वजन कळते ते इथे. वकिलाचा खरा उपयोगही याच सुनावणीत आहे, आणि नेमक्या याच सुनावणीला बहुतेक जण एकटे व तयारीशिवाय जातात.

कॅमेऱ्यांमुळे त्यात आणखी एक पेच आला. कॅमेरा टिपतो गाडीचा क्रमांक. एमएच-३१ किंवा एमएच-४९ च्या पाटीवरून मालक सापडतो, पण त्या क्षणी सीताबर्डीच्या चौकात हँडलवर त्याचा भाचा होता की शेजारी, हे पाटी सांगत नाही. चलान मालकाच्या नावे येते आणि परवाना असतो चालकाचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ ने या यंत्रणेला शिस्त लावली. त्यातल्या शहरांच्या यादीत नागपूरही आहे. उपकरणाला मंजुरीचे प्रमाणपत्र हवे, त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे, निगराणीची सूचना देणारे फलक हवेत आणि गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवलेली हवी. बचाव उभा राहतो तो अशा तपशिलांवर, विनवण्यांवर नाही.

वकील परवडत नसेल, तर त्याचीही तरतूद जुनीच आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला, त्यातून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. त्याच प्राधिकरणाच्या लोकअदालतीत थकीत ई-चलाने तडजोडीने मिटतात, हे नागपूरकरांना आता सवयीचे झाले आहे. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. पण तो दंडाच्या रकमेपुरता असतो. कलम १९ चे प्रकरण आरटीओपुढे स्वतंत्र चालते, आणि तिथे निकाल विरुद्ध गेला तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करावे लागते. अपात्रतेचे तीन महिने भरल्यानंतरही परवाना आपोआप परत मिळत नाही. त्यासाठी चालकाला उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते.