मायएसक्यूएल जुना डेटा देतंय? दोष कॅशचा नाहीये

पायथन स्क्रिप्ट लूपमध्ये मायएसक्यूएल डेटाबेसवर सिलेक्ट (डेटा वाचायची क्वेरी) मारतेय, दुसरीकडून रो अपडेट झालीय तरी हिला जुनीच व्हॅल्यू दिसतेय, की लगेच सल्ला येतो "क्वेरी कॅश बंद कर". हे वर्षानुवर्षं चालत आलंय आणि चूक आहे. एक तर ती कॅश, म्हणजे क्वेरींचे निकाल साठवून ठेवायची सोय, मायएसक्यूएल ८.० मध्ये (२०१८) काढूनच टाकलीय, आणि होती तेव्हाही टेबल बदललं की त्या टेबलच्या सगळ्या एंट्र्या उडायच्या, मग शिळा डेटा येणार कुठून?

खरं कारण ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र धरलेला क्वेरींचा गट, जो कमिट करून (पक्का करून) संपवायचा असतो. इनोडीबीची (मायएसक्यूएलचं डिफॉल्ट स्टोरेज इंजिन) डिफॉल्ट आयसोलेशन लेव्हल (दुसऱ्यांचे बदल कधी दिसणार हे ठरवणारी सेटिंग) रिपीटेबल रीड, म्हणजे पहिल्या सिलेक्टला डेटाचा त्या क्षणाचा जो स्नॅपशॉट घेतला तोच ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत दिसत राहतो, आणि पायथनच्या ड्रायव्हरमध्ये (डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरीनंतर आपोआप कमिट) बाय डिफॉल्ट बंद असतं, त्यामुळे नुसतं वाचलं तरी ट्रान्झॅक्शन उघडं राहतं. लोकांना वाटतं कमिट फक्त लिहिल्यावर करायचं, इथेच सगळे फसतात. स्क्रिप्ट रिस्टार्ट केली की "बरं" होतं ते नवीन कनेक्शनमुळे, म्हणून कॅशवरचा संशय अजूनच पक्का होतो!

लूपच्या प्रत्येक फेरीत वाचून झाल्यावर कमिट करा, किंवा कनेक्शनवर ऑटोकमिट चालू करा. रीड कमिटेड (प्रत्येक सिलेक्टला ताजा स्नॅपशॉट देणारी आयसोलेशन लेव्हल) लावलं तरी चालतं, पण आधी ऑटोकमिट बघा.