ई-कार घेताय? आधी अर्थिंग, मीटर आणि वाडीची डीपी बघूया

नमस्कार मंडळी, गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांत आता ई-गाड्यांच्या हिरव्या नंबरप्लेटी दिसायला लागल्यात आणि आमच्या दुकानात फोन येतात ते एकच, "खळ्यात प्लग पॉइंट काढून द्या". देतो की, पण आधी थोडं समजून घ्या.

स्कूटरचं टेन्शन नाही, तिचा चार्जर साधारण इस्त्रीएवढा लोड घेतो. कारचं तसं नाही, 15 अँपिअरच्या सॉकेटवर ती 3 किलोवॅटच्या आसपास खेचते आणि बॅटरी रिकामी असली तर सलग आठ-दहा तास, गिझरसारखं पंधरा मिनिटं नाही. भिंतीवरचा मोठा चार्जर बसवलात तर 7 किलोवॅट. आता वाडीची डीपी, म्हणजे सगळ्या घरांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, 63 केव्हीएची (साधारण साठ किलोवॅट झेलणारी) धरा, मोठ्या चार्जरवरच्या अशा आठ-नऊ गाड्या एकदम लागल्या तर नुसत्या गाड्यांनीच ती भरली, घरं नि पंप राहिले बाजूला, मग फ्यूज उडतो आणि ऐन आरतीला सगळी वाडी काळोखात. लाइनच्या शेवटच्या घरांना तर संध्याकाळी पूर्ण 230 व्होल्ट मिळतच नाहीत, तिथे चार्जर स्लो होतो नाहीतर बंद पडतो.

म्हणून कळकळीने सांगतो, गाडी रात्री अकरानंतर लावा. टायमर बहुतेक गाड्यांत असतो, आम्ही सेट करून देऊ. शेजाऱ्याकडेही कार असेल तर दोघांनी बोलून दिवस वाटून घ्या. रोजचं चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणं साध्या सॉकेटवर अडीच-तीन तासांत भरून निघतं, मोठा चार्जर सगळ्यांना लागतोच असं नाही.

घरच्या गाडीला घरचाच मीटर चालतो. फक्त बिलावरचा मंजूर भार, म्हणजे घराला किती किलोवॅटची परवानगी आहे तो आकडा, बघा, कमी असेल तर महावितरणकडे अर्ज करून वाढवून घ्यायचा, त्याचे कागद आम्ही करून देतो.

अर्थिंगवर मात्र आम्ही तडजोड करत नाही. आपला जांभा उन्हाळ्यात सुकला की अर्थिंग कमजोर होतं, आणि खाऱ्या वाऱ्याने स्क्रू गंजतात. गेल्या पावसाळ्यात एका घरी गेलो तर सॉकेट पिवळं पडलेलं, पिनेजवळचं प्लास्टिक वितळलेलं, आत जुनी बारीक वायर, आणि पोरं तिथेच खेळत होती. तेव्हापासून चार्जिंगला वेगळी 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी (जादा लोड आला की आपोआप पडणारा स्विच) आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) टाकल्याशिवाय आम्ही पॉइंट चालू करत नाही.

दुकानात येताना बिलाचा फोटो आणा आणि डीपीपासून घर किती पोल लांब आहे ते मोजून या.